मधुमेहामागे दडलेले रोग



मधुमेह का झाला, असे आपल्या घरांत विचारले तर उत्तर ठरलेले असते : वडिलांना होता, किंवा गोड फार खाल्ले. आनुवंशिकता, स्थूलता व बैठे जीवन ही बहुतेकांच्या बाबतीत खरी कारणे आहेत. परंतु काही थोड्या रोग्यांत मधुमेह ही केवळ छाया असते. मूळ रोग दुसऱ्याच ग्रंथीत दडलेला असतो.

स्वादुपिंडातील इन्सुलिन रक्तातील साखर उतरविते. ती चढविणारे स्रावही शरीरात आहेत. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ बर्नार्दो ऊसाय यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची मेंदूच्या तळाशी असणारी पिट्यूटरी ग्रंथीही काढली, तेव्हा त्यांचा मधुमेह सौम्य झाला. साखरेच्या चयापचयातील या ग्रंथीचे कार्य उलगडल्याबद्दल त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हार्वी कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात कॉर्टिसोल अतोनात वाढते. चेहरा वाटोळा होतो, पोट सुटते पण हातपाय कृश होतात, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटतात, जमिनीवरून उठताना मांड्यांत बळ उरत नाही. अशा रोग्यास आपण खादाड म्हणून हिणवितो, हा त्याच्यावर घोर अन्याय होय. वाढीचा स्राव अधिक झाल्यास बोटातील अंगठी घट्ट होते, पादत्राणे लहान पडू लागतात, जबडा पुढे येतो. जुने छायाचित्र शेजारी ठेवले की हा हळूहळू झालेला पालट चटकन ध्यानी येतो. मूत्रपिंडावरील ग्रंथीत विशिष्ट गाठ असल्यास धडधड, डोकेदुखी व घाम यांचे झटके येतात आणि रक्तदाब चढतो.

प्रत्येक मधुमेह्याने या तपासण्या कराव्यात, असे माझे म्हणणे नाही. पण अशी लक्षणे दिसल्यास ती वैद्यांना आवर्जून सांगावीत. रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसोल मोजणे, ही त्यांपैकी एक साधी चाचणी आहे. गाठ वेळीच काढल्यास साखर पुष्कळदा उतरते, कधी पूर्ववतही होते.

सांधेदुखीच्या वा दम्याच्या गोळ्यांतील स्टिरॉइडनेही साखर वाढते. निनावी पुड्या घेऊ नयेत. मात्र चालू असलेले स्टिरॉइड स्वतःहून एकाएकी बंद करणे प्राणघातक ठरू शकते.

रोग्यास दोष देण्यापूर्वी रोगाचे मूळ शोधावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.