आधी आपली मजुरी धरा



होळी झाली की उन्हाळी कामांची गडबड सुरू होते. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, सगळ्याची मागणी याच दिवसांत. पुण्या-मुंबईचं कुणी फोन करतं, "ताई, पंधरा दिवसांत ५० किलो पापड मिळतील का?" गटात हात मोजके. मग मागणी सोडून द्यायची, नाहीतर रात्र रात्र जागून कंबर मोडून घ्यायची. आम्ही गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा विचारतो, "गावातल्या चार बायका मदतीला का घेत नाही?" बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: "त्यांना पैसे दिले तर आम्हाला काय उरणार?"

प्रश्न खरा आहे. पण उरत नाही, ते मदतनीस बाईमुळे नव्हे. आपण आपलीच मजुरी कधी धरलेली नसते, म्हणून.

हिशेब करून बघू. समजा, एक किलो पापडाला डाळ, पापडखार, तेल, दळण, पिशवी मिळून २०० रुपये लागले आणि आपण तो २४० रुपयांना विकला. आपण म्हणतो, ४० रुपये नफा झाला. पण लाटायला जे तास गेले, त्यांचं काय? गावात खुरपणीची मजुरी ३०० रुपये असेल आणि तेवढ्याच वेळात एक बाई ५ किलो लाटत असेल, तर किलोमागे लाटण्याचे ६० रुपये झाले. म्हणजे नफा नाहीच, उलट २० रुपये पदरचे गेले. आपण स्वतः लाटतो तोवर हा तोटा दिसत नाही. दुसरीला द्यायची वेळ आली की लगेच दिसतो.

म्हणून भाव ठरवतानाच लाटण्याची मजुरी धरा, मग लाटणारी कुणीही असो. त्या भावाला गिऱ्हाईक मिळत नसेल, तर खर्च कुठे कमी होतो ते बघा, डाळ हंगामात एकदम घ्या. पण तोटा बाईच्या मजुरीतून भरून काढू नका. आपल्याला कुणी कमी मजुरी दिली की आपण बोलतो ना? मग आपण देताना हात आखडता का?

आता काम कोणतं द्यायचं? लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. तिथे पीठ शाखेत मळतात. बहिणी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात, वजन होतं आणि त्याप्रमाणे पैसे मिळतात. त्या बहिणी मजूर नाहीत, संस्थेच्या सभासद आहेत, हे खरं. पण कामाची वाटणी आपण शिकू शकतो. ज्यावर चव ठरते ते मळणं आपल्याकडे ठेवायचं, ज्याला हात जास्त लागतात ते लाटणं वाटून द्यायचं.

दर ठरवताना सगळ्यात चपळ बाईवरून ठरवू नका. तिघींना लाटायला बसवा, घड्याळ लावा, मधला वेळ धरा. पापड वाळला की वजन घटतं. म्हणून आधी स्वतः एक किलो पीठ लाटून, वाळवून घट मोजा. नाहीतर माल परत घेताना "पीठ कमी कसं भरलं?" म्हणून विनाकारण संशय येतो आणि शेजारणीशी कायमचं वाकडं होतं.

लेखे ठेवणं हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र. इथेही तेच. वहीत पाच रकाने आखा: तारीख, नाव, दिलेलं पीठ, आलेले पापड, दिलेले पैसे. एक वही गटाकडे, एक छोटी तिच्याकडे. काटा तिच्यासमोर लावा. जाड-पातळ, तुटका पापड घ्यायचा की नाही, ते काम देण्याआधी सांगा आणि नमुन्याचा एक पापड तिच्या हाती द्या. पोळपाट-लाटणं कुणाचं, वाहतुकीचा खर्च कुणाचा, तेही आधीच बोला.

आणि पैसे? गिऱ्हाइकाचे आले की देऊ, असं नको. मागणी घेताना थोडी आगाऊ रक्कम मागा, त्यातून मजुरी बाजूला काढा. ज्या दिवशी माल आला, त्याच दिवशी पैसे, आणि तेही तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यावर. तिच्या घरच्यांकडे नाही.

आपल्या दारी कामाला येते ती बहुधा आपल्याहून गरजू असते. कुणी एकटी, कुणी भूमिहीन. उद्या तीही एखाद्या गटात येईल. येत्या बैठकीत वही उघडा आणि एका किलोचा हिशेब मांडा. मजुरीचा रकाना रिकामा ठेवू नका.