ताप अंगावर काढू नका

(सायखेडा येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीला गावी येतो. तरी आज फ्लूवर बोलायला उभा आहे, कारण आमच्या घरात फ्लू मी आणला होता.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. निफाड तालुक्यातली थंडी तुम्हाला सांगायला नको. शुक्रवारी ऑफिसात अंग मोडून आलं, कणकण वाटत होती. पॅरासिटामॉलची गोळी घेतली, एसटी पकडली आणि रात्री घरी पोचलो. दादीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "गरम लागतंय रे." मी म्हटलं, "हवा बदलली, दुसरं काही नाही." दोन दिवस तिच्याच खोलीत, दारं-खिडक्या लावून गप्पा मारत बसलो. मंगळवारी तिला ताप चढला, गुरुवारी धाप लागली. नाशिकला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला होतं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला. नऊ दिवसांनी दादी घरी आली, अल्लाहचा शुक्र. पण डॉक्टरांना विचारून, साखर सांभाळून रोजे धरणाऱ्या माझ्या दादीला त्या रमजानमध्ये एकही रोजा धरता आला नाही.

"हवा बदलली" हे आपलं आवडतं कारण. पण हवेने फ्लू होत नाही, विषाणूने होतो. खोकताना, शिंकताना, बोलताना उडणाऱ्या थेंबांतून तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. मग ऋतू बदलला की साथ का येते? थंड, कोरड्या हवेत विषाणू जास्त वेळ तग धरतो. शिवाय थंडीत आणि पावसात आपण दारं लावून एकत्र बसतो. आपल्याकडे साथ बहुधा दोनदा जोर धरते. एकदा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च.

२००९ मध्ये मी पुण्यात शिकत होतो. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला, तो पुण्यातल्या १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा-कॉलेजं बंद झाली, रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून. तोच एच१एन१ विषाणू आता नेहमीच्या फ्लूपैकी एक झाला आहे. आपली भीती गेली, विषाणू गेला नाही.

मित्रांनो, आपल्याला ताप अंगावर काढण्याचा अभिमान असतो. आमच्या ऑफिसात एखाद्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, तर आधी त्याची वायर काढतात, दुरुस्ती नंतर. माणसाच्या बाबतीत आपण उलटं करतो. गोळी घेऊन त्याला गर्दीत पाठवतो. गोळीने ताप उतरतो, पण लागण द्यायची थांबत नाही. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस माणूस दुसऱ्याला फ्लू देऊ शकतो.

घरी बसा म्हणणं सोपं आहे, हे मला कळतं. मला घरून काम करता येतं. कांदा मार्केटमध्ये गोण्या उचलणाऱ्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. म्हणून हे एकट्याचं काम नाही. एखादा आजारी पडला तर बाकीच्यांनी त्याच्या घरी किराणा पोचवावा, त्याची पाळी भरून काढावी. औषधगोळीइतकंच ते मोलाचं आहे.

आता चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ताप औषधाशिवाय उतरून २४ तास होईपर्यंत घरातच थांबा. शक्यतो वेगळ्या खोलीत झोपा, खिडकी उघडी ठेवा, घरातल्यांजवळ जाताना मास्क लावा. मशिदीत सफमध्ये आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो. आजाऱ्याला घरी नमाज पढायची सवलत आहे, ती घ्या. आणि वजूखान्यात साबण ठेवा. नुसतं पाणी पुरत नाही.

दुसरी, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. ते जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही. फ्लूसाठी ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त गुण येतो, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं.

तिसरी, धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, गुंगी, उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांतलं एकही दिसलं तर थांबू नका. म्हातारी माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, दमा, साखर किंवा हृदयविकार असलेले, यांना साध्या तापातही लवकर दाखवा.

चौथी, लस. द्राक्षवाल्यांना हे समजावायची गरज नाही. पाऊस येणार म्हटलं की तुम्ही आधी फवारता, डावणी पानावर दिसायची वाट बघत नाही. लसही तशीच, टोचल्यावर ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो. घरातल्या म्हाताऱ्यांसाठी, गरोदर बाईसाठी सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

गेल्या जानेवारीत पुन्हा मला कणकण आली. या वेळी तिकीट रद्द केलं आणि दादीला फोन केला. ती रागावली. "एवढ्याशा तापाला कोण घाबरतं?" म्हणाली. पुढच्या शुक्रवारी बरा होऊन गेलो, तेव्हा दार तिनेच उघडलं.