डब्यातली १६ नंबरची चिठ्ठी

आज कोड नाही, करिअर नाही. आज डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दल बोलूया, म्हणजे आपलं डीअँडडी. आणि मी केलेल्या एका चीटिंगबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेऊन त्या गोष्टीत वावरतात. जमेल की नाही अशी वेळ आली की डाइस टाकायचा.

आम्ही बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पाचव्या एडिशनचे बेसिक रूल्स पीडीएफमध्ये फुकट होते, पण २० बाजूंचा डाइस कुणाकडेच नव्हता. मग जर्नलच्या मागच्या पानाच्या २० चिठ्ठ्या केल्या आणि एका स्टीलच्या डब्यात टाकल्या. काढलेली चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा, नाहीतर प्रोबॅबिलिटी बिघडते. यावरून आम्ही अख्खी रात्र भांडलोय! डीएम मी होतो. चिठ्ठी कुणीही काढली तरी उघडून वाचायचो मी.

त्या वर्षी माझ्या रूममेटला वायडी लागला. वर्ष गेलं. घरी सांगितलं नव्हतं. दिवसभर पांघरूण घेऊन पडून असायचा, रात्री फक्त खेळायला उठायचा. त्याचा ड्वॉर्फ फायटर होता, आणि एका लढाईत तो शून्य हिट पॉइंटवर आला.

अशा वेळी डेथ सेव्ह असतात. दर टर्नला २० चा डाइस. १० किंवा जास्त आले तर सक्सेस, कमी आले तर फेल्युअर. आधी तीन सक्सेस झाले तर वाचला, तीन फेल्युअर झाले तर मेला. त्याचे दोन-दोन झाले होते. त्याने चिठ्ठी काढून घडी न उघडता माझ्या हातात दिली. आत ६ होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "१६!" सगळ्यांनी खोली डोक्यावर घेतली.

मला वाटलं, मी मित्राला वाचवलं.

मागच्या वर्षी आम्ही ऑनलाइन परत खेळायला लागलो. एकदा सेशन संपल्यावर तो सहज म्हणाला, "१६ च्या चिठ्ठीवर चहा सांडला होता रे. मी दिली ती कोरी होती." मी गप्प. तो म्हणाला, "राग नाही आला. पण त्या दिवसात सगळे मला सांभाळून घेत होते. ती एकच जागा होती जिथे मी बाकीच्यांसारखाच होतो. तीही गेली."

बऱ्याच डीएमना वाटतं की खेळाडूसाठी आकडा थोडा बदलला तर काय बिघडतं. मलाही वाटायचं. आता मी सगळे रोल उघड्यावर टाकतो.

दोन महिन्यांपूर्वी त्याचं नवीन कॅरेक्टर शून्यावर आलं. एक फेल्युअर आधीच होतं. त्याने कॅमेऱ्यासमोर डाइस टाकला. १ पडला. १ म्हणजे थेट दोन फेल्युअर. खेळ खल्लास. कॉलवर कुणी काहीच बोलेना.

मग तोच हसला आणि म्हणाला, "थांबा, नवीन कॅरेक्टर शीट काढतो."

तुमच्या टेबलवर असं काही घडलं असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!