शोभेचा मासा महाग का पडतो?

चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळा आला की काचेच्या पेटीतला गोल्डफिश महागतो आणि गिऱ्हाईक दुकानदाराच्या नावाने बोटे मोडते. माझ्या मते या भावात माशाची किंमत थोडीच असते; आपण पैसे मोजतो ते तो जिवंत पोचल्याचे. शोभेचे मासे देशभर जातात ते मुख्यतः चेन्नईचे कोळत्तूर आणि कोलकाता-हावडा या बाजूंनी, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. निघण्याआधी त्यांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, कारण त्यांच्या अंगातून सुटणारा अमोनिया त्याच पाण्यात साठतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते आणि अमोनियाही अधिक विषारी होतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांपुढे जातो, म्हणून पिशवीत मासे कमी भरावे लागतात. भाडे मात्र पेटीमागे तेवढेच. बल्लारशाहपर्यंत रेल्वे तरी आहे. अहेरी, भामरागडला सगळी भिस्त रस्त्यावर, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा तोही बंद.

दुकानदार नफा घेतो, हे खरेच. पण समजा, २० रुपयांप्रमाणे १०० मासे आणले आणि ३० मेले, तर उरलेल्यांचा खरेदीभावच साडेअठ्ठावीस रुपयांवर गेला. त्यावर रात्रंदिवस चालणारा हवेचा पंप. वीज चंद्रपुरातच तयार होते म्हणून बिल काही कमी येत नाही. मग थंडीत भाव फारसा का उतरत नाही? रात्री टाकीचे पाणी एकदम गार पडले की अंगावर पांढरे ठिपके उठवणारा रोग बळावतो, हीटर लावावा लागतो. मरतूक चालूच राहते, फक्त कारण बदलते.

एवढे मामा (माजी मालगुजारी) तलाव असताना हे मासे इथेच का वाढवू नयेत, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण तलावात ढिवर बांधव रोहू-कटला वाढवतात तो किलोवर विकायला. तिथे सोडलेला गप्पी मरळीच्या पोटात जाईल. शोभेच्या माशाला सावलीतल्या सिमेंटच्या टाक्या हव्यात. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या अशा ३ लाखांच्या प्रकल्पाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान ठेवले होते. बचत गटांनी ते मनावर घेतले तर थेट पिल्ले देणाऱ्या गप्पी, मॉलीचा भाव नक्की उतरेल. मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मागणारा डिस्कस मात्र बाहेरूनच येणार आणि महागच राहणार.