काळ्या कातळाची चव

मनमाडचे नाव बहुतेकांना गाडी बदलताना कळते. मात्र अंकाई स्टेशनवरून जाताना खिडकीशी बसलेला प्रवासी एकदा तरी मान वर करतो. अंकाई-टंकाई ही जुळ्या किल्ल्यांची जोडी, आणि जवळच आभाळात अंगठा उभारल्यासारखा एक सुळका. गावकरी त्याला हडबीची शेंडी म्हणतात आणि कॉलेजातली पोरे थम्सअपचा डोंगर. हे सगळे ज्वालामुखीचे काम आहे.

माझा भाचा दुबईला असतो. तो ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर जाऊन आला आणि फोटो दाखवत म्हणाला, "मामू, ज्वालामुखीच्या बेटावर जेवलो!" मी म्हणालो, "बेटा, तू लहानपणापासून ज्वालामुखीवरच जेवतोयस." त्याला ती गंमत वाटली, पण गोष्ट खरी आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. अंकाईच्या कड्यावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. त्याच काळ्या दगडात कुणी लेणी कोरली, कुणी तट बांधले. दगडाच्या पोकळ्यांत पांढरे-हिरवे स्फटिक सापडतात. ते पाहायचे असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठावे.

सँटोरिनी आपल्यापुढे कालचे पोर. तिथला मोठा स्फोट साधारण 3600 वर्षांपूर्वीचा. बेटाचा मधला भाग खचला, समुद्र आत शिरला आणि चंद्रकोर उरली. तिथली माती राखेची, पाऊस आपल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षाही कमी आणि वारा बेफाम. मग शेतकऱ्याने काय केले? द्राक्षाचा वेल मांडवावर चढवलाच नाही. जमिनीलगत गोल गोल वळवून त्याची टोपली विणली आणि घड त्या टोपलीत वाऱ्यापासून जपले. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा ती सच्छिद्र माती धरून ठेवते आणि त्यावर वेल जगतो. तिथल्या पांढऱ्या द्राक्षाचे नाव असिर्तिको. काही द्राक्षे उन्हात सुकवून, म्हणजे मनुक्याच्या वाटेवर नेऊन, गोड वाइन करतात. तिचे नाव विनसांतो.

जेवणाचे ऐकून तर मला आपलाच माणूस भेटल्यासारखे झाले. तिथे 'फावा' नावाचा पदार्थ करतात. पिवळी डाळ शिजवून घोटायची, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचे तेल घालायचे. ती डाळ आपल्याकडच्या लाखेच्या डाळीच्या जातकुळीतली आहे. म्हणजे एका ज्वालामुखीवर फावा आणि दुसऱ्यावर पिठले! आमच्या काळ्या मातीतली बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणाचा ठेचा त्या फाव्याशेजारी मांडला, तर दोघांची ओळख करून द्यावी लागणार नाही.

आता वाइनचे. मी घेत नाही. पण गझल लिहिणाऱ्याला साकी आणि प्याला टाळता येत नाहीत. आयुष्यात थेंब न चाखलेले बुजुर्ग मुशायऱ्यात मैखाना उभा करतात आणि उठून नमाजाला जातात. उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे माधव जूलियन तर फारसीचे प्राध्यापक. तेव्हा शब्दांतली वाइन आमच्या ओळखीची आहे. माझ्या वाट्याची खरी द्राक्षे इफ्तारच्या ताटात असतात. 2025 साली रमजान मार्चमध्ये आला, ऐन हंगामात. खजुराशेजारी निफाडची द्राक्षे होती. दिवसभराच्या कोरड्या घशाला त्या मण्याची किंमत बरोबर कळते.

मनमाडहून नाशिककडे निघालात की लासलगाव, उगाव, निफाड अशी स्टेशने लागतात आणि रुळाच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा सुरू होतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फवारण्या, विरळणी. शेतकरी रात्री अंगणात येऊन आभाळ बघतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने तयार घड मातीत गेले, ते अजून कुणी विसरलेले नाही. राज्याने 2001 मध्ये वाइन धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाले, अनेकांनी वाइनची द्राक्षे लावली. पुढे 2008 च्या मंदीनंतर मागणी घटली, कित्येक छोट्या वाइनरी अडचणीत आल्या आणि काही शेतकऱ्यांनी त्या बागा स्वतःच्या हाताने तोडल्या. पर्यटकाच्या हातातल्या प्याल्यात हे दिसत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. आपला कातळ घट्ट आहे. जिथे भेगा नाहीत तिथे पाणी मुरत नाही. निफाडची बाग धरणाच्या, कालव्याच्या आणि ठिबकच्या जोरावर उभी आहे. त्याच जिल्ह्यात, गाडीने तासाभराच्या अंतरावर, मनमाडने पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ येण्याची वर्षे काढली आहेत. घरातली पिंपे, हंडे, बादल्या भरून ठेवण्यात इथल्या बायकांच्या किती रात्री गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. खडक एकच, पण एका बाजूला हिरवा मांडव आणि दुसऱ्या बाजूला पिंपांची रांग. हा फरक ज्वालामुखीने केलेला नाही, तो पाण्याच्या वाटपाने केला आहे. सँटोरिनीच्या शेतकऱ्याने जेवढे पाणी आहे तेवढ्यात बसणारा वेल शोधला. आपण वेल आधी लावतो आणि पाण्याचे नंतर बघतो.

म्हणून ग्रीसला जमेल तेव्हा जा, पण आधी एकदा अंकाईवर चढा. माथ्यावर वारा खा. खाली आल्यावर भाकरी-ठेचा मागा. दिवस हंगामाचे असतील तर द्राक्षे घ्या आणि शेतकऱ्याला यंदा भाव काय मिळाला तेही विचारा. मनमाडला कुणाच्या घरी गेलात तर सगळ्यांत आधी पाण्याचा तांब्या पुढे येईल. तो अर्धा पिऊन ठेवून देऊ नका. या गावात पाहुण्याला देण्यासारखे त्याहून मोलाचे काही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)