थंड व कोरड्या जागी ठेवा: पण वाकोल्यात कुठे?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मे महिन्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बोलणार म्हटल्यावर बऱ्याच जणांना वाटलं की विषय मृत्युपत्र, नॉमिनेशन नाहीतर ज्येष्ठांचे व्याजदर यांतलाच असणार. एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा काय करणार! पण आजचा विषय वेगळा आहे. क्रीम, लोशन आणि मलमं घरात ठेवायची कुठे? मागच्या रांगेत हसू आलेलं दिसतंय. हरकत नाही, दहा मिनिटं ऐका.

आमच्या सौ.ना गेली अठरा वर्षं सोरायसिस आहे. त्यांच्या परवानगीनेच सांगतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही नाही. मलम नियमित लावलं की आटोक्यात असतो, नाहीतर रात्र रात्र खाज आणि चादरीवर कोंडा. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात तेच मलम, त्याच हाताने लावून, गुण येईना. डॉक्टर जास्त कडक स्टेरॉइडचा विचार करू लागले. या वयात कातडी आधीच पापुद्र्यासारखी होते, त्यात कडक स्टेरॉइड म्हणजे ती आणखी पातळ. सुदैवाने त्यांनी आधी ट्यूब बघायला मागितली. दाबल्याबरोबर पिवळसर तेल आलं आणि मागून घट्ट गोळा. ट्यूब ऑनलाइन मागवलेली होती. कंपनीच्या गोदामापासून आमच्या दारापर्यंत ती कुठे कुठे तापली हे देव जाणे, पण शेवटची दुपार कुठे गेली ते मला माहीत आहे. ती गेली आपल्या गेटवरच्या केबिनमध्ये, पत्र्याखाली. नवीन ट्यूब केमिस्टकडून आणली आणि तीन आठवड्यांत फरक पडला. स्टेरॉइड वाढवावं लागलं नाही.

तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचतो. बँकेत असताना लोकांना बारीक अक्षरं वाचायला सांगणं हे कामच होतं म्हणा. बहुतेकांवर लिहिलेलं असतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की त्याचा अर्थ काय हे कोणी विचारत नाही. आपल्या देशाच्या औषध नियमांत मात्र त्याचा अर्थ आकड्यात दिलेला आहे. थंड जागा म्हणजे १० ते २५ अंश सेल्सिअस. अतिथंड म्हणजे ८ अंशांच्या वर नाही. हे नियम औषधांचे आहेत, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम हे औषधच आहे.

आता आपण राहतो कुठे? हवामान खात्याची सांताक्रूझ वेधशाळा आपल्या उशालाच, विमानतळावर आहे. २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस तिथेच मोजला गेला. तो दिवस आपल्या तळमजल्यावरच्या मंडळींना सांगायला नको. (पाणी लागलेली औषधं आणि मलमं नंतर सुकवून वापरू नयेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.) याच वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ अंशांची नोंद झाली होती. तो विक्रम झाला, पण रोजचा हिशेबही आपल्या बाजूने नाही. दुपारचं सरासरी तापमान जुलै-ऑगस्टात ३० च्या आसपास, बाकीच्या महिन्यांत त्याहून जास्त. आणि हे आकडे सावलीत, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत मोजलेले. आपल्या पश्चिमेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, काचेमागे काय होत असेल याचा विचार करा.

थोडक्यात, पंचवीस अंशांची जागा आपल्या घरात एसीशिवाय जवळजवळ नसतेच. याचा पुरावा तुमच्या प्रत्येकाच्या घरात आहे, तो म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. मुंबईत ते कधी थिजतं? थंडीतल्या मोजक्या सकाळी. लहानपणी आई बाटली उन्हात ठेवायची किंवा गरम पाण्याच्या तपेल्यात बुडवायची, तेवढेच दिवस. म्हणजे बाटली थिजलेली दिसली की समजा, तुमचं घर नियमाप्रमाणे थंड जागा आहे. एरवी नाही.

आणि कोरडी? जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिठाच्या बरणीत तांदूळ टाकणारे आपण. दिवाळीचं उरलेलं उटणं पुढच्या पावसाळ्यात कसं गोळा होतं, ते वहिनींना विचारा.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांची जबरदस्तीने घातलेली सांगड असते. उष्णता वाढली की सांगड सुटते, ठेवून दिलेल्या दह्यावर पाणी सुटतं तशी. पाणी आहे म्हणजे जंतूंनाही घर मिळतं, म्हणून त्यात टिकवणारी द्रव्यं घातलेली असतात. पण ओली बोटं रोज बरणीत घातली तर ती तरी किती पुरणार? दुसरी गोष्ट दिसत नाही. रसायनशास्त्राचा एक ढोबळ ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. हे मला चक्रवाढ व्याजामुळे लगेच कळलं. ट्यूबवरची शेवटची तारीख म्हणजे मुदत ठेवीची तारीख समजा. ती अटींसकट असते. अट मोडली तर तारखेपर्यंत पूर्ण रक्कम मिळेल या भ्रमात राहू नये.

सगळ्याच वस्तू सारख्या नाजूक नाहीत. पेट्रोलियम जेलीत पाणीच नसतं. ती उन्हाळ्यात सैल होते, पण सहसा बिघडत नाही. बाम झाकण उघडं राहिलं की उडून जातो, वास गेला की समजतं. व्हिटॅमिन सी चं सीरम मात्र फार हळवं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की पिवळं, मग तपकिरी होतं, कापलेल्या सफरचंदासारखं. डागांसाठी डॉक्टर देतात ते हायड्रोक्विनोनही असंच काळवंडतं. ट्रेटिनोइनला उजेड सोसत नाही. मुरुमांसाठीचं बेंझॉइल पेरॉक्साइड जास्त तापलं तर त्यातून बेंझिन हा घातक पदार्थ तयार होऊ शकतो. यावरून अमेरिकेत २०२४ साली बरीच चर्चा झाली. २०२५ मध्ये तिथल्या एफडीएने ९५ उत्पादनं तपासल्याचं जाहीर केलं. बहुतेकांत बेंझिन नव्हतं किंवा अगदी नगण्य होतं, मोजकीच बाजारातून मागे घेतली गेली. घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण नातवंडांची ती ट्यूब खिडकीतून उचलून आत ठेवा. सनस्क्रीनची तर गंमतच आहे. उन्हापासून वाचवणारी वस्तू, आणि उन्हात तापत ठेवली की तिचीच ताकद कमी होते. स्कूटरच्या डिकीत आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग सगळं फ्रिजमध्ये टाकायचं का? आमच्या नातीने क्रीम ठेवायला वेगळा छोटा गुलाबी फ्रिज मागितला. सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. पण नंतर नीट विचार केला. ज्या ट्यूबवर २ ते ८ अंश असं लिहिलंय ती फ्रिजमध्येच हवी, त्यात वाद नाही. ज्यावर २५ किंवा ३० च्या खाली असं लिहिलंय, त्यांना एप्रिल-मेमध्ये फ्रिजचा मधला कप्पा चालू शकतो, पण ‘फ्रिजमध्ये ठेवू नका’ असं लिहिलेलं नाही ना ते आधी वाचा, आणि शंका असली तर केमिस्टला विचारा. फ्रीझर मात्र कधीच नाही. गोठलं की ती सांगड सुटते, ते परत जुळत नाही. दुसरं असं की आपल्या दमट हवेत गार बरणी बाहेर काढली की थंड पाण्याच्या पेल्यासारखा तिला घाम फुटतो. झाकण उघडंच राहिलं तर तो आतही. दिवसातून चार वेळा आत-बाहेर करण्यापेक्षा एका जागी राहिलेली बरणी बरी. नातीला फ्रिज मिळाला नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा खालचा खण मिळाला, आणि ती त्यावर नाखूश नाही.

आमच्या नागपूरच्या विहीणबाई ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात मलम ठेवतात. तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते छान चालतं, पाणी उडतं आणि मडकं गार होतं. इथे हवेतच पाणी भरलेलं, उडणार कुठे?

तेव्हा आपल्या इमारतीत जागा कोणती? बाथरूमचं आरशाचं कपाट सर्वांत वाईट. गरम पाण्याची वाफ रोज. स्वयंपाकघरात गॅसच्या वरची फळी तशीच. वरच्या मजल्यावरच्यांनी लॉफ्टमध्ये काही ठेवू नये, स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर तेही नको. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लाकडी कपाट, खालचा खण, झाकण घट्ट, ट्यूब तिच्या खोक्यातच. ती जागा पंचवीस अंशांची होणार नाही, पण दिवसभर फारशी वर-खाली होणार नाही. आणि मोठी बरणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्या. काही बरण्यांवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि 6M किंवा 12M असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने, असा त्याचा अर्थ. उघडल्याची तारीख बॉलपेनने वर लिहा. वास बदलला, रंग बदलला, तेल वेगळं दिसलं की टाकून द्या. पेन्शनीतल्या माणसाला टाकताना हात अडखळतो, मला ठाऊक आहे. पण डॉक्टरांची जादा फी आणि कडक औषध त्याहून महाग पडतं.

आता सेक्रेटरीसाहेबांना एक विनंती. पार्सलं दुपारी अकरा ते चारच्या मध्ये येतात आणि केबिनमध्ये पडून राहतात. त्यांत इन्सुलिन असतं, डोळ्यांचे थेंब असतात, मलमं असतात. मी तिथे तीन दिवस थर्मामीटर ठेवला होता. आकडा इथे सांगत नाही, लेखी दिला आहे. ए विंगच्या जिन्याखाली मीटररूमच्या अलीकडे कोपरा रिकामा आहे, दिवसभर सावली. तिथे एक फळी बसवली, आणि औषधाचं पार्सल आलं की इंटरकॉमवर लगेच कळवायचं ठरवलं, की झालं. आणि साहेब, ट्यूबला जो पत्रा सोसवत नाही त्याच्याखाली आपला वॉचमन बारा तास बसतो. फळीच्या ठरावाबरोबरच त्या पत्र्यावर गवताचं किंवा थर्माकोलचं छत आणि आत एक पंखा, हाही विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यावा. खर्चाचा अंदाज मी काढून ठेवला आहे.

थर्मामीटर माझ्याकडेच आहे. ज्यांना आपल्या घरातली जागा तपासायची असेल त्यांनी घेऊन जावा. माझ्याकडे वही आहे, त्यात नाव, फ्लॅट नंबर आणि तारीख लिहायची, चार दिवसांत परत करायचा. पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीवहिनींचं लिहून झालंय.