हिरवळीचे नांगे



जे गवत शेतातून खणून काढताना आपल्या वाडवडिलांच्या कंबरा मोडल्या, तेच आता पैसे देऊन दारापुढे लावायचे आणि वाळले की हळहळायचे, असा हा काळ आहे. मी हरळीविषयी बोलतो आहे. पिरंगुटहून उरवड्यावरून घाट ओलांडून मुठा खोऱ्यात उतरले, म्हणजे भातखाचरांच्या शेजारी बंगले दिसतात. बंगल्यापुढे हिरवळ, ज्याला आपण सगळेच आता लॉन म्हणतो, आणि ती राखायला बहुधा गावातलाच माणूस. हिरवळीत मेलेले ठिगळ पडले की पहिला बोल त्याला : "पाणी घातलं नाहीस वाटतं?" मग तो बिचारा मेलेल्या गवतावर आणखी पाणी ओततो. आषाढात ज्या खोऱ्यात पाऊस धो धो कोसळतो, तिथेच वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. अशा वेळी ते पाणी फुकट जाते आणि ठिगळ होते तसेच राहते.

तेव्हा पाणी घालण्याआधी गवत खरेच मेले आहे का, ते पाहावे. हरळी थंडीत पिवळी पडते, कडक उन्हाळ्यात तांबूस होते. पण जमिनीखालची तिची पेरे जिवंत असतात. एक पेर उकरून नखाने सोला. आत ओलसर पांढरेपणा असेल, तर ती झोपलेली आहे. तिला झोपू द्यावे. पाऊस लागला की ती आपोआप उठते. पेर पोकळ आणि ठिसूळ लागले, तरच ते ठिगळ मेले असे समजा.

आता कारण शोधायचे. गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजीची घडी उचलावी तसे ते अलगद हातात आले, तर मुळे कुणीतरी खाल्ली आहेत, आणि तो कुणीतरी बहुधा हुमणी असतो. उसाच्या शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको : पांढरी, अर्ध्या कड्यासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची अळी. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर बसतात. माद्या जमिनीत अंडी घालतात. अळ्या पावसाळाभर मुळे खात राहतात आणि भाद्रपद-आश्विनात आपल्याला ठिगळ दिसते. म्हणजे दुखणे जूनचे आणि बोंब सप्टेंबरची! एखाददुसरी अळी सापडली म्हणून घाबरू नये. साळुंक्या आणि कावळे तिचा समाचार घेतात. पण ढेकळागणिक अळ्या निघू लागल्या, तर त्या वेचून माराव्यात. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाच्या संध्याकाळी झाडाच्या फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. हे काम एकट्या बंगल्याने करून भागत नाही, वाडीने मिळून करावे. मेटारायझियम नावाच्या उपयोगी बुरशीची भुकटीही मिळते. ती अळ्या लहान असताना आणि जमिनीत ओल असताना कामाला येते. कोरड्या मातीत टाकली तर पैसे गेले म्हणायचे.

गवत घट्ट धरून राहिले आणि तरी मेलेले असले, तर कारण दुसरीकडे आहे. ठिगळाच्या कडेला गर्द हिरवे कडे दिसते का? मग तिथे कुत्रा मुतत असणार, किंवा युरियाची मूठ एका जागी सांडलेली असणार. जागा भरपूर पाण्याने एकदा धुऊन काढली की पुरे. आंब्याच्या दाट सावलीत हरळी कधीच नांदणार नाही. तिथे हट्ट सोडून दुसरे काही लावावे. राहिली तुडवलेली वाट आणि गाडलेला राडारोडा. बांधकामाचा चुना, विटांचे तुकडे, ठेचलेला मुरूम यांवर दोन बोटे माती पसरून गालिचा अंथरलेला असतो. त्या गालिच्याने मुळे खाली सोडायची कुठे? लोखंडी सळई टोचून पाहा, लगेच कळते.

शिक्षक मित्रांना इथे एक प्रयोग सुचवतो. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा डबा मेलेल्या जागी दोन बोटे रुतवा, आत तांब्याभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो, तो मुलांकडून वहीत टिपून घ्या. मग तेच जिवंत हिरवळीत करा. घट्ट जमीन म्हणजे काय, ते फळ्यावर न लिहिता मुलांना समजेल.

आता दुरुस्ती. भाताच्या खाचरात नांगे भरतो, तेच हे काम. मेलेल्या भागासह चार बोटे जिवंत गवतही कापून काढा, म्हणजे कड निरोगी राहते. वीतभर खणा, राडारोडा निवडा. पोयट्याची माती तीन घमेली आणि चांगले कुजलेले शेणखत एक घमेले, असे मिसळून भरा. कच्चे शेणखत नको हं, त्यातून हुमणीच घरात यायची! माती पायाने हलकी दाबा, बोटभर उंच ठेवा, पाणी मारून दोन दिवस बसू द्या. मग आपल्याच हिरवळीच्या कडेची, दोन-तीन पेरांची काडी घेऊन टोकणी करा. काडी-काडीत चार बोटे अंतर, दोन पेरे मातीत आणि शेंडा बाहेर. बांधावरची हरळी आणू नये. तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात, आणि लव्हाळा एकदा आला की तो आपल्या नातवालाही पुरतो. घाई असेल तर काडीऐवजी मातीसकट चापडा काढून बसवावा. तो पटकन धरतो, पण जिथून काढला तिथे नवा नांगा पडतो.

वेळेबाबत पुस्तकात पावसाळा लिहिलेला असतो. मुठा खोऱ्यात मात्र आषाढाच्या सरी नवी माती उतारावरून धुऊन नेतात. म्हणून पहिल्या पावसाबरोबर टोकणी उरकावी, नाही तर श्रावणाची उघडझाप सुरू होईपर्यंत थांबावे. वर भाताचा पेंढा विरळ पसरावा. पावसाने दडी मारली, तर पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ झारीने थोडे पाणी द्यावे. पुढे पाळ्या लांबवून भरपूर द्यावे. त्या जागी माणसाचा आणि गुराचा पाय पडू नये म्हणून चार काटक्या रोवून सुतळी बांधावी. गवत चार बोटे वाढले की शेंड्याचा तिसरा हिस्साच कापावा, बुडापर्यंत नाही.

आणि गणेशचतुर्थीला शेजारची मुले दूर्वा मागायला येतील. नव्या नांग्यातल्या काड्या त्यांना खुडू देऊ नका, आणि ज्या हिरवळीवर त्या पावसाळ्यात कीटकनाशक मारले असेल, तिथल्या दूर्वाही देऊ नका. त्यांना ओढ्याकाठची जागा दाखवा.